वेट बिटुमेनच्या व्हॅनमधलं माझं मत

सुरुवातीलाच माफी मागतो. नाताळ अंकाच्या नोकरीविषयक पानांत आजवर ज्यांनी लिहिलं ती मोठी माणसं होती. एकांनी बँकेत सगळी हयात काढली, एकांनी आखातात तेलाच्या टाक्या बांधल्या, गेल्या वर्षीच्या बाईंनी तर अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली होती. माझ्याकडे ह्यातलं काही नाही. यंदा लिहिणारे गृहस्थ ऐनवेळी फ्लोरिडाला निघून गेले आणि चार पानं रिकामी राहिली, म्हणून मंडळाच्या कार्यवाहांनी मिस्सा सुटल्यावर मला देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "पास्कल, तू त्या बँडबिंडचं काही करत होतास ना, ते लिही," म्हणाले. "फक्त जरा सांभाळून. घरात मुलं वाचतात." आपली मुलं मराठी वाचत नाहीत हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी सांभाळून लिहितो.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. तेही चौतिसाव्या वर्षी, इथे टोरोंटोच्या स्कारबरोत, बायकोच्या पगारावर. जसिंता इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. त्याआधी तेरा वर्षं मी वसईहून दादरला फुलांचा आणि भाजीचा टेम्पो नेत होतो. त्यामुळे लिहिण्याची सवय कॉलेजच्या असाइनमेंटपुरती, आणि त्यांवर आमचे प्राध्यापक 'मुद्दा काय?' एवढंच लिहून परत देतात. इथेही मुद्दा लवकर सापडला नाही तर राग मानू नका.

नोकरीची जाहिरात कॉलेजच्या बोर्डावर होती. बँडला ड्रायव्हर हवा, सामान उचलता आलं पाहिजे, सहा आठवडे. बँड म्हटल्यावर आपल्याला जे दिसतं तेच मला दिसलं. लाल कोट, सोनेरी झालर, पुढे पितळी कॉर्नेट, मागे मोठा ड्रम. माझे वडील अठ्ठावीस वर्षं वसईत लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत. म्हटलं, हे तर घरचंच काम. मुलाखतीला गेलो तेव्हा पिकलेले केस बारीक कापलेल्या एक बाई व्हॅनच्या पायरीवर बसून उकडलेलं अंडं खात होत्या. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. सीझनला लग्नं किती असतात, युनिफॉर्म तुम्ही देता की शिवून घ्यायचा, आणि बँडवाल्यांचं जेवण पाहुण्यांच्या आधी होतं की नंतर. बाईंनी आधी अंडं संपवलं.

"छत्तीस वर्षांत आम्हाला एकाही लग्नाला कुणी बोलावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू सोमवारी ये."

त्या लोर्नाबाई. बेस गिटार वाजवायच्या आणि बाकी सगळं बघायच्या. गायचा आणि गिटार वाजवायचा तो बॅझ. ड्रमवर कीथ. तिघंच. बँडचं नाव 'वेट बिटुमेन', म्हणजे ओलं डांबर. ऑस्ट्रेलियातल्या एका बंदराच्या गावची ही माणसं. दर वर्षी पानगळीत कॅनडाची एक फेरी करायची, आणि तीन फेऱ्या मी त्यांची व्हॅन चालवली, सामान उचललं, टी-शर्ट विकले. वडिलांना फोनवर नाव सांगितलं तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ विचारला. मग म्हणाले, "डांबराचंच काम करायचं होतं तर कॉलेज कशाला?"

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असल्यामुळे तीन वर्षं माझी सुटका झाली. मराठीत लिहायला बसलो आणि अडलो. बॅझला अरे-तुरे चालेल, तो पंतप्रधानांनाही तसंच बोलेल. पण कीथ माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांना 'तो कीथ' लिहायला हात वळत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणालो होतो. त्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, कोण सर आलाय म्हणून. मला मात्र ते लोक पास्को म्हणत. ऑस्ट्रेलियन माणूस कुठल्याही नावाच्या शेवटी 'ओ' लावून ते आपलंसं करतो.

हे लोक वाजवायचे ते पंक. पंक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुकत असेन तर आपल्या मुलांना विचारा. तीन सूर असतात, राग भरपूर असतो, आणि गाणं कशाबद्दल आहे हे कळायच्या आत ते संपतं. ह्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं त्यांच्या गल्लीतला कचरा नगरपालिका उचलत नाही ह्याबद्दल आहे. लोक ते डोळ्यांत पाणी आणून म्हणतात. मी लोर्नाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की गाणं आल्यानंतरच्या आठवड्यापासून कचरा अगदी वेळेवर उचलला जातो. पण गाणं थांबवणार कसं?

ह्यांचा खरा अभिमान म्हणजे हे कधीही कुठल्या कंपनीत गेले नाहीत. रेकॉर्ड स्वतः काढायच्या, कव्हरं घरी चिकटवायची, कार्यक्रम स्वतः ठरवायचे. कंपनीचा माणूस एकदा आला होता. बॅझ सांगायचा की त्याने त्या माणसाच्या बुटात ग्रेव्ही ओतली. कीथ सांगायचे की ग्रेव्ही सांडली आणि बूट मध्ये आला. काही असो, कंपनी परत आली नाही. "आम्ही कुणाचे नोकर नाही," बॅझ प्रत्येक गावात माइकवरून सांगायचा आणि टाळ्या पडायच्या. कुणाचे नोकर नसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. ती साठी उलटल्यावर सकाळी सहाला उठतात आणि स्वतःचे स्पीकर स्वतः तीन मजले चढवतात. हॅलिफॅक्समध्ये एका पत्रकार मुलीने बॅझला विचारलं होतं की सध्या तुमचा निषेध कशाविरुद्ध आहे. तो धापा टाकत होता. "जिन्यांविरुद्ध," म्हणाला. तिने ते रूपक समजून छापलं.

कंपनी नाही म्हणजे मालक नाही, आणि मालक नाही म्हणजे प्रत्येक गोष्ट मतदानाने. मत सगळ्यांचं एक झालं पाहिजे, एकाने जरी नाही म्हटलं तरी बेत रद्द. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आणि व्हॅनमध्ये जो बसेल त्याला मत. म्हणजे मलाही. लोकशाही मी शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो होतो, पण त्या पुस्तकात हीटर किती ठेवायचा ह्यावर बेचाळीस मिनिटं चर्चा नव्हती. ओन्टॅरियोच्या उत्तरेला एकदा वॉशरूमसाठी कुठे थांबायचं ह्यावर एकमत होईपर्यंत ते वॉशरूम मागे पडलं, आणि पुढचं एकशेवीस किलोमीटरवर होतं. तरी खरं सांगू? तेरा वर्षं टेम्पो चालवला, एकदाही कुणी मला विचारलं नव्हतं की पास्कल, तुला काय वाटतं. मी कॉलेजात ह्यावर एक पेपर लिहिला. प्राध्यापकांनी शेरा मारला की असं कुठे असू शकत नाही.

आणखी एक नियम होता, तो सगळ्यांत जुना. कुणाच्या जागी कुणी घ्यायचं नाही. एक गेला की डांबर संपलं.

कामाबद्दल थोडं. व्हॅन भरणं ही कला आहे आणि ती मला येते. जे आधी लागणार ते शेवटी आत जातं, हे दादरच्या फुलबाजाराने मला शिकवलं होतं. ड्रमचे डबे मागच्या दाराशी, कारण मांडायला त्यांनाच वेळ लागतो. थंडीत गिटार पेटीतून एकदम बाहेर काढायची नाही, तिला तासभर खोलीची सवय होऊ द्यायची, नाहीतर सूर घसरतात. तीन फेऱ्यांत माझ्या हातून एक वस्तू फुटली नाही. कुणी लिहून ठेवणार नाही, म्हणून इथे लिहितो.

टी-शर्टच्या टेबलावर मात्र माणसं कळली. बंडखोर म्हातारे होतात तेव्हा ते विम्यात काम करतात. पाठीवर 'काही पाळू नका' असं छापलेला टी-शर्ट घ्यायला आलेला माणूस मला विचारायचा की हा ड्रायरमध्ये टाकला तर चालेल का. बहुतेकांना जुनीच साइज हवी असायची. मी विनयाने दोन साइज मोठा पुढे करायचो, ते दुखावले जायचे, डोळ्यांनीच बायकोची साक्ष काढायचे, आणि ती माझ्या बाजूने असायची. मॉन्ट्रियलला एक बाई सहा महिन्यांच्या बाळाला कानावर मोठे मफ लावून घेऊन आल्या होत्या. ते अख्खा कार्यक्रम झोपलं. तिथे जमलेल्यांत कानांची काळजी घेतलेलं तेवढं एकच माणूस होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती तिसऱ्या फेरीची आहे.

फेरी सुरू व्हायच्या आधी जसिंताने तिघांना आमच्या बेसमेंटमध्ये जेवायला बोलावलं. पोर्क आणि तांदळाची भाकरी केली होती. बॅझने सबंध वेळ कॅनडातल्या भांडवलशाहीवर भाषण केलं आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. कीथ छान हसत होते. प्रत्येक गोष्टीला हसत होते. जसिंता चुलीकडे तोंड करून उभी होती, तिने विचारलं भाकरी हवी का. उत्तर नाही. तिने आणखी दोनदा विचारलं. मग ती वळली, तोच प्रश्न केला, आणि कीथनी लगेच ताट पुढे केलं.

पाहुणे गेल्यावर ती भांडी घासता घासता म्हणाली, "पास्कल, ह्या माणसाला ऐकू येत नाही."

"ड्रमवाले आहेत, थोडं कमी येत असेल."

"थोडं नाही. माझ्या फ्लोअरवर असे अकरा आहेत. जे सगळ्यांत गोड हसतात ना, तेच सगळ्यांत बहिरे."

दुसऱ्या दिवशी सामान भरताना मी कीथना विचारलं, समोर उभा राहून. त्यांनी नाकारलं नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, उजवा चालला होता. बेसचा धक्का स्टुलातून कळतो, बाकी लोर्नाच्या हाताकडे बघून भागवतो, म्हणाले. पण बॅझ गाण्याच्या मध्येच भाषण सुरू करतो, आणि ते कधी संपलं हे आता कळत नाही.

"बॅझला सांगितलंत?"

"बॅझला सांगितलं तर उद्यापासून बँड नाही. लोर्नाला सांगितलं तर आजपासून नाही."

छत्तीस वर्षं तिघं एका व्हॅनमध्ये बसतात, हीटरवर मतदान करतात, आणि ही एक गोष्ट मतदानाला आलेली नव्हती. कीथनी मला विनंती केली की माझ्या डाव्या हाताला, स्पीकरच्या आड उभा राहा आणि फक्त दाखवत जा. मी हो म्हणालो. हे मला येत होतं. लग्नाच्या मिरवणुकीत कॉर्नेटवाल्याच्या तोंडात कॉर्नेट असतं, त्याला बोलता येत नाही. माझे वडील कोपराने बँड चालवायचे. कोपर वर, सुरू. कोपर अंगाशी, आवरा. लहानपणी मी त्यांच्या कोपराकडे बघत चालायला शिकलो. ते सगळं मी कीथना एका दुपारी शिकवलं. टोरोंटोतला पहिला कार्यक्रम एकही चूक न होता पार पडला, आणि मला वाटलं, आपण किती हुशार.

मग किचनर शहर आलं. समोर सगळे सॉफ्टवेअरवाले, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं तशीच. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर कीथनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे ठीक चाललंय का. चाललं होतं झकास. दोन्ही हातांत मी पडणारा माइकचा स्टँड धरला होता, म्हणून मी आपण हलवतो तशी मान हलवली, ह्या खांद्याकडून त्या खांद्याकडे. हो, हो, मस्त. कीथना ती 'नाही' वाटली. नाही म्हणजे मागे पडतोय, असं समजून त्यांनी वेग वाढवला. पुन्हा पाहिलं. वेग वाढलेला पाहून मी घाबरलो, पण माणसाला धीर द्यावा म्हणून आणखी जोरात मान हलवली. त्यांनी आणखी वाढवला. बॅझला मध्ये श्वास घ्यायला जागा उरली नाही. कचऱ्याचं गाणं निम्म्या वेळात संपलं. सॉफ्टवेअरवाले वेडे झाले, एकाचं ओळखपत्र उडून माझ्या पायाशी पडलं.

दोन दिवसांनी कुठल्याशा संगीताच्या वेबसाइटवर परीक्षण आलं. वय वाढलं तसा ह्यांचा राग अधिक धारदार झाला आहे, तरुणांना लाजवील असं काहीतरी ह्यांना सापडलं आहे. बॅझने ते व्हॅनमध्ये तीनदा वाचून दाखवलं. मग प्रस्ताव मांडला की यापुढे रोज ह्याच वेगाने वाजवायचं. एकमताने मंजूर. मीही हात वर केला, काय सांगणार होतो? बॅझच्या फुप्फुसांना मत नव्हतं. पुढच्या प्रत्येक गावात तो चौथ्या गाण्यानंतर भिंतीला टेकायचा, आणि लोकांना तोही निषेधच वाटायचा.

मी कीथना खरं काय झालं ते सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग मला सगळ्या माना हलवून दाखवायला लावल्या. ही म्हणजे हो. ही म्हणजे बघू. ही म्हणजे नाही, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू. "आमच्याकडेही तसंच आहे," ते म्हणाले. "आम्ही आधी येस म्हणतो, मग नो म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने ठरवायचं."

शेवटचा मुक्काम रेजिना. सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला कीथ उभे राहिले आणि तोल जाऊन वॉफलच्या मशीनवर आपटले. बाकी दोघांना सांगितलं की फरशी ओली होती. मी त्यांना वॉक-इन क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीण तरुण होती, आधी बोलली, मग आवाज चढवला, मग समजून कागद ओढला आणि लिहून दिलं. मीही वाचला तो. डाव्यातलं परत येणार नाही. उजव्यात थोडं उरलं आहे. वाजवणं आज थांबवलं तर ते टिकेल. नाही थांबवलं तर तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही, महिना किंवा वर्ष. मग तिने खाली एक प्रश्न लिहिला. घरी कोण आहे? कीथनी तिची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, नात, चार वर्षांची, गाते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मला विचारलं की कार्यक्रमाआधी स्टेजवर आवाज तपासायला अजून किती वेळ आहे. त्या दिवशी त्यांनी नेहमीइतक्याच वेगाने वाजवलं. मी कोपर वर-खाली करत होतो. आयुष्यात कुठल्याच कामाची मला इतकी लाज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी डोनटच्या दुकानात बैठक बसली. लोर्नाबाईंनी पुढच्या वर्षाचा बेत मांडला. नवी रेकॉर्ड, मग युरोप आणि कॅनडा मिळून चाळीस गावं. त्यांनी एकट्यांनी आठ महिने खपून जमवला होता तो, कुठल्याही कंपनीविना. बॅझने हात वर केला. लोर्नाबाईंनी केला. कीथनी तर लोर्नाबाईंचं वाक्य संपायच्या आतच केला होता, आणि तो वर ठेवूनच माझ्याकडे बघत राहिले.

"नाही," मी म्हणालो.

बॅझ म्हणाला, "काय नाही?"

"माझं मत. नाही."

बॅझने तोंड उघडलं आणि लोर्नाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "कारण विचारायचं नाही, बॅझ."

"तो नियम ड्रायव्हरसाठी नव्हता."

"व्हॅनमध्ये बसतो तो. तूच लिहिलायस."

शेजारच्या टेबलावर दोन माणसं विंटर टायर कुठे स्वस्त मिळतात ह्यावर बोलत होती. आम्ही चौघांनी ते सगळं ऐकलं. तिघांनी, म्हणायला हवं.

मला हे इथे नीट सांगायचं आहे, कारण मंडळात काहींनी नंतर मला 'धाडसी' म्हटलं. धाडस नव्हतं ते. कारण सांगावं लागणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी नाही म्हणालो. धाडस म्हणजे आदल्या संध्याकाळी बॅझला आणि लोर्नाबाईंना बाजूला घेऊन सांगणं, किंवा कीथना म्हणणं की तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. मी ते केलं नाही. एका माणसाचा कान वाचवायचा म्हणून मी तीन माणसांचं छत्तीस वर्षांचं काम नियमावर बोट ठेवून बंद केलं आणि डोनट संपवला. सगळं काही अगदी कायदेशीर.

विमानतळापर्यंतच्या वाटेत एकही मतदान झालं नाही. हीटर किती ठेवायचा हेसुद्धा कुणी विचारलं नाही. मी सामान उतरवत होतो तेव्हा कीथ माझ्या समोर येऊन उभे राहिले, म्हणजे माझे ओठ दिसतील असे.

"तुझ्या वडिलांनी वाजवणं का सोडलं?"

"सोडलं नाही. डीजे आले. लग्नवाले बोलवेनासे झाले."

"म्हणजे त्यांना कुणी विचारलं नाही."

"नाही."

"घरी असतात ना आता? काय करतात?"

मी सांगितलं. टीव्ही बघतात. आणि बघता बघता उजव्या हाताची तीन बोटं खुर्चीच्या हातावर दाबत राहतात, कॉर्नेटच्या कळांसारखी.

"मग तुला माहीत होतं, पास्को," ते म्हणाले, आणि झांजांची पेटी माझ्या हातातून घेऊन स्वतः आत घेऊन गेले.

घरी आल्यावर जसिंताला सांगितलं. बरोबर केलंस, ती म्हणाली. तीन दिवसांनी जेवताना म्हणाली, "पण सांगायला हवं होतंस." त्या दोन्ही वाक्यांमध्ये मी अजून अडकलेलो आहे. लोर्नाबाईंना मी दोन मेसेज पाठवले. पहिल्यात माफी होती, दुसऱ्यात कारण लिहून पुसलं आणि पुन्हा माफीच पाठवली. उत्तर आलं नाही. बँडच्या पानावर एक ओळ आली की पुढच्या वर्षीच्या फेऱ्या होणार नाहीत, आणि मग ते पान तसंच पडून राहिलं. कार्यवाह मला दर रविवारी विचारायचे की काय रे, तुझे ते डांबरवाले येणार का यंदा. मी आपली मान हलवायचो.

गेल्या महिन्यात मला कॉलेजतर्फे किचनरच्या एका गोदामात चार आठवड्यांचं ट्रेनिंग मिळालं. तिथला सुपरवायझर डग नावाचा, पन्नाशीचा, कोपरापर्यंत टॅटू. जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारताना मी पूर्वी काय करत होतो ते निघालं. 'वेट बिटुमेन' म्हटल्यावर त्याने सँडविच खाली ठेवलं. त्याची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. नुकताच तो तिच्याकडे जाऊन आला होता आणि त्याने त्यांना तिथल्या एका पबमध्ये ऐकलं होतं.

"वाजवतायत ते?" मी विचारलं.

"वाजवतायत म्हणजे काय. पण मला अजिबात आवडलं नाही." तो खरंच चिडलेला होता. विसाव्या वर्षापासून ऐकतोय त्यांना, म्हणाला, इतका उर्मटपणा कधी पाहिला नव्हता. बॅझ पूर्ण दीड तास लोकांकडे पाठ करून गायला. ड्रमच्या अगदी पुढ्यात, ड्रमवाल्याकडे तोंड करून. ती बेसवाली बाईही तशीच. लोकांना नुसत्या दोन पाठी दिसतायत.

शेवटची अख्खी फेरी मी स्पीकरच्या आड उभा होतो. तिथून बॅझची पाठच दिसायची, कीथनाही तीच दिसायची. तो गाताना कसा दिसतो हे त्या फेरीत मला दिसलं नाही, आणि कीथना तर छत्तीस वर्षांत नाही. म्हणजे कीथनी दोघांना सांगितलं होतं. मतदान पुन्हा झालं असणार, आणि मी व्हॅनमध्ये नव्हतो.

मी विचारलं, वेग कसा होता.

"पूर्वीसारखा. फार नाही, कमी नाही. ड्रमवाला एकदाही चुकला नाही. तो अनवाणी होता. बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय लाकडी फळ्यांवर."

"त्यांच्या कानात काही होतं? मशीन वगैरे?"

"काही नाही. का?"

अनवाणी, आणि मशीन नाही. उजवाही गेला होता तर. मी डगला म्हटलं, सहज विचारलं. त्याने सँडविच उचललं, पण राग अजून गेला नव्हता.

"आम्ही सगळे ओरडत होतो," तो म्हणाला. "इकडे वळ, इकडे वळ. त्या तिघांतल्या एकालाही ऐकू गेलं नाही."